सावलीबाहेर सांगायचं वजन

झाडाच्या सावलीत उभं राहून त्याचं वजन सांगायचं नाही, हा निवृत्तीबप्पांचा नियम होता. आधी झाडाभोवती दोन फेऱ्या, एक उजवी, एक डावी. मग टोपी काढून खोडाला कान लावायचा. अंगठ्याच्या पेरानं चार ठिकाणी टकटक करायचं. बैलाच्या पुठ्ठ्यावर मारतात तशी एक चापट मारायची आणि वर बघत तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहायचं. एवढं झालं की विकणारा आणि घेणारा, दोघांची मनगटं धरून त्यांना सावलीच्या बाहेर चांगलं दहा पावलं उन्हात न्यायचं आणि तिथं हळूच सांगायचं, "दोन टन, वर तीन क्विंटल. पाला सोडून."

"बप्पा, उन्हात कशाला? तिथंच सांगायचं की," असं कुणी नवखा म्हणालाच, तर बप्पा त्याच्याकडं खालून वर बघत आणि म्हणत, "तू सदुसष्ट किलो हाईस. तुझ्यासमोर खाटकाला सांगू का?"

झाडाचं वजन हवं कुणाला, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. आमच्या भागात दूध पितात कमी आणि आटवतात जास्त. गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. मोठ्या कढईत दूध ओतायचं, खाली लाकडं सारायची आणि दुधाचा गोळा होईपर्यंत घोटत राहायचं. तो खवा मग लांबलांबच्या शहरांत जातो. तुम्ही कुठल्याशा लग्नात गुलाबजाम खाता, त्यात आमच्या बांधावरची एखादी बाभळ असते. गोड लागते की नाही?

गावाचं नाव मी सांगत नाही. भूम तालुक्यात, ईट गावाकडून येताना लागतं, एवढं पुरे. नाव घेतलं तर गावातले म्हणतील, मास्तरनं बदनामी केली. आणि शेजारच्या गावातले म्हणतील, आमच्यात याहून जास्त झालंय, आमचं का नाही लिहिलं?

तर झाड तोडल्यावर त्याचं वजन करायला वजनकाटा आहे. पण सौदा होतो झाड उभं असताना, आणि उभ्या झाडाला काट्यावर चढवता येत नाही. मालक म्हणणार तीन टन, भट्टीवाला म्हणणार दीड. तिथं बप्पा लागत. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर सौदा व्हायचा, आणि नंतर कुणी हौसेनं लाकूड काट्यावर नेलंच तर फरक निघायचा चार-पाच किलोचा. तोही वाटेत एखादं ढलपं पडलं म्हणून.

हे कसब त्यांच्यात आलं शेरडांमुळं. तरुणपणी ते बकऱ्यांच्या व्यापाऱ्याबरोबर बाजार हिंडले. बकऱ्याच्या पोटाखाली हात घालून ते इंचभर उचलायचं आणि वजन बोलायचं, हे त्यांचं काम. पुढं स्वतःची पाच-सहा शेरडं बाळगली, त्यावर घर चाललं. झाडाच्या कामाचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही. फी होती चहा. एक कप विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा. दोन्ही कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवायचे. एका बाजूनं चहाबरोबर बिस्किट आलं, तर ते परत जायचं. "तिकडनंबी आलं तर खातो," म्हणत.

स्वतः बप्पा सेहेचाळीस किलो. हेही त्यांनीच सांगितलेलं. अंगावर मांस असं नव्हतंच; धोतर, टोपी आणि आत एक नजर. ती नजर कुणाला सोडायची नाही. मी दिवाळीनंतर भेटलो की लांबूनच आवाज यायचा, "मास्तर, एकाहत्तर! सुट्टी मानवली." आमची मंडळी बप्पा दिसले की ओट्यावरून आत जायची, ती दार लावूनच घ्यायची.

बप्पांची कीर्ती खरी पसरली ती पेढेतुलेमुळं. एका पुढाऱ्याची आमच्या शाळेच्या पटांगणावर पेढेतुला ठरली. एका पारड्यात पुढारी, दुसऱ्यात पेढ्यांची टोपली, आणि नंतर ते पेढे पोरांना वाटायचे. पेढे पुरवणार अंकुश. हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा भट्टीवाला. चार भट्ट्या, पांढरे बूट आणि कायम हसरा चेहरा. पारडी समान झाली. माईकवरून मीच गरजलो, "साहेबांचं वजन ब्याऐंशी किलो! ब्याऐंशी किलो पेढे!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बप्पा उठून उभे राहिले.

"साहेब ब्याऐंशी, ते बरोबर हाय," ते म्हणाले. "टोपलीत पेढे तीस. मधी काय हाय?"

मी आयुष्यात पुष्कळ नाटकं बसवली, पण अशी शांतता मला कधी साधली नाही. मग पोरं टोपलीवर तुटून पडली. पेढ्यांखाली वर्तमानपत्र निघालं, आणि वर्तमानपत्राखाली विटा, वीटभट्टीतून नुकत्या काढलेल्या, लालभडक.

अंकुशच्या चेहऱ्यावरचं हसू हललं नाही. "टोपली डुलू नये म्हणून आधाराला ठेवल्या," तो म्हणाला.

तेव्हापासून आमच्याकडं कुणी लांबलचक भाषण ठोकायला लागला की मागून आवाज येतो, "मधी काय हाय?" मलाही आलाय. दोनदा.

तुम्हाला वाटेल, अंकुशनं बप्पांशी वैर धरलं असेल. छे! दुसऱ्याच आठवड्यात तो एका कडुलिंबाच्या सौद्यासाठी बप्पांना गाडीवर मागं बसवून घेऊन गेला. खऱ्या माणसाची गरज लबाडाला सगळ्यात जास्त असते. लबाडाला लबाड भेटला तर धंदा होत नाही. अंकुश म्हणायचा, "बप्पा हाईत म्हणून माझ्या भट्ट्या चालतात." ते आम्ही सगळ्यांनी कौतुक म्हणून ऐकलं. पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी बप्पांना "चालता-बोलता न्याय" म्हणालो होतो. ते खाली मान घालून बसले होते. मला वाटलं, लाजले.

पुढं एका मे महिन्यात आम्ही परंड्याहून एकाच एसटीनं परत येत होतो. मी तपासलेले पेपर पोचवून, ते बाजारात एक पाठ, म्हणजे तरणी शेळी, विकून. खिडकीजवळ ते बसले. भूम तालुका लागला तसे ते बाहेर बोट दाखवून बोलायला लागले.

"ह्या वळणाला लिंब होता. चार टन."

थोड्या वेळानं, "ही बाभळीची रांग. चौदा बाभळी. नऊ टन."

"तिथं, ती टाकी दिसती का? तिथं आंबा. त्याचं फळ आंबट होतं, पर लाकूड गोड. साडेतीन."

बाहेर बघावं तर नुसतं ऊन. उघडे बांध, माणसाच्या भादरलेल्या डोक्यासारखे. मला मात्र मजा वाटत होती. काय ही स्मरणशक्ती! मी आणखी विचारत गेलो, ते सांगत गेले. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "मास्तर, ह्यातल्या एकाबी झाडात म्या कुणाला फसिवलं न्हाय."

"म्हणून तर तुमचं नाव आहे, बप्पा."

"म्हणूनच गेली सगळी."

मला कळेना.

"म्या यायच्या आधी झाडावरनं भांडणं व्हायची," ते म्हणाले. "ह्यो म्हणायचा तीन टन, त्यो म्हणायचा दीड. दोन भावांच्या बांधावर आसंल तर इचारूच नका. भांडणातलं झाड वीस वीस वर्सं उभं ऱ्हायचं. त्यावर पाखरं ऱ्हायची, खाली शेरडं बसायची. म्या आलो अन् भांडणं मिटिवली. अर्ध्या तासात, दोगांचा चहा पिऊन."

"पण कुऱ्हाड तुम्ही कुठं लावली?" माझ्याजवळ उत्तर नेहमी तयार असतं.

"व्हय, कुऱ्हाड न्हाय लावली," ते म्हणाले. "इकणाऱ्याला फसिवलं न्हाय, घेणाऱ्याला फसिवलं न्हाय. तिसरा तितंच उभा होता. त्याला कुणी इचारलं न्हाय. म्याबी न्हाय. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तेवढं दहा पावलं लांब जायचो."

त्यानंतर बप्पांनी सौद्यांना जाणं बंद केलं. कुणी बोलवायला आलं की म्हणत, कानात घुईं होतंय, लाकूड ऐकू येत न्हाय.

आता चिंचेकडं येतो.

आमच्या फाट्यावर चिंच होती. खाली दोन एसट्या उभ्या राहतील आणि वर माणसांना जागा उरेल, एवढी तिची सावली. वर बगळे. त्यांना मास्तरचा पांढरा सदरा बरोबर ओळखू यायचा. माझे तीन सदरे त्यांनी कायमचे रंगवले. भूमची बस कधी येईल ते कुणाला सांगता यायचं नाही, पण ती येईपर्यंत उभं राहायला जागा होती. ना कुणाच्या बांधावर, ना कुणाच्या सातबाऱ्यावर, झाड पंचायतीचं. म्हणूनच इतकी वर्षं उभं होतं.

मग सरपंचांच्या मनात आलं की मारुतीपुढं सभामंडप व्हावा. वर्गणी जमेना. अंकुश हसत हसत म्हणाला, "चिंच द्या मला. वजन सांगा, रक्कम देतो. देवाचं काम हाय." अडचण एकच होती. पंचायतीचं हिरवं झाड पाडायचं तर परवानगी लागते, आणि परवानगीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. कारण काही सुचत नव्हतं. ते नंतर बघू, आधी वजन तर कळू द्या, असं ठरलं आणि बप्पांना निरोप गेला.

बप्पा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. आले. सगळं गाव चिंचेखाली जमलेलं. सरपंच, अंकुश, बायका, पोरं, मी. बप्पांनी उजवी फेरी मारली, डावी मारली. टोपी काढून खोडाला कान लावला आणि तो कितीतरी वेळ काढलाच नाही. चापट मारली. आम्ही सगळे आपापली मनगटं सरसावून उभे, की आता दहा पावलं उन्हात जायचंय.

बप्पा जागचे हलले नाहीत. तिथंच, खोडाला टेकून, मोठ्यानं म्हणाले, "पोकळ हाय."

"काय?"

"पोकळ. आतनं वाळवीनं खाल्लीया. नुसतं सालपट उभं हाय. तीन टनबी निघायचं न्हाय. घेऊ नगा."

अंकुशनं पुढं होऊन खोडावर नुसता तळहात ठेवला. ठेवला आणि काढला. "मग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "बप्पांच्या पुढं कोण बोलणार?"

मंडळी पांगायला लागली. सरपंचांचा आणि अंकुशचा, दोन्ही कप बाकड्यावर तसेच निवत पडले होते. बप्पांनी टोपी घातली, माझं मनगट धरलं आणि मला सावलीच्या बाहेर दहा पावलं नेलं.

"एकोणीस टन," ते कुजबुजले. "पाला सोडून. आतनं शेंगंतल्या दाण्यावानी भरल्याली हाय. जल्मात पयल्यांदा लबाड बोललो, मास्तर. जमलं का?"

"बप्पा, पुढच्या गॅदरिंगला तुम्हाला नाटकात घेतो!"

ते हसले. दात नव्हते तरी तोंडभर हसले. आम्ही दोघं उन्हात उभे राहून चोरून आंबे पाडलेल्या पोरांसारखे हसलो. आमची चिंचेकडं पाठ होती, म्हणून तिकडं काय चाललंय ते आम्हाला दिसलं नाही.

तिकडं पार्वतीकाकू बोलत होत्या. त्यांची नात रोज फाट्यावरून हायस्कूलला जायची. "पोकळ हाय म्हंजे? माझी नात रोज हिच्याखाली बसची वाट बघती! वारं सुटलं अन् फांदी पडली तर?"

"फांदी कशाची, समदं झाडच येईल," दुसरं कुणी म्हणालं.

"बप्पाच म्हणालेत. बप्पा कधी चुकलेत का?"

सगळं तिथंच फिरलं. हेच अंकुश म्हणाला असता, तर कुणी विश्वास ठेवला नसता. आधी खोडाला भोक पाडून बघितलं असतं. मी म्हणालो असतो, तर मागून "मधी काय हाय?" आलं असतं. पण बप्पा म्हणाले होते, त्यामुळं बघायची गरजच उरली नाही. सरपंचांना कागदावर लिहायला कारण मिळालं: झाड आतून पोकळ, धोकादायक. आठ दिवसांत परवानगी आली. पोकळ लाकडाला रक्कम कोण देणार? अंकुशनं समाजकार्य म्हणून स्वखर्चानं झाड पाडून न्यायचं कबूल केलं. सरपंचांनी त्याचे चावडीत जाहीर आभार मानले. टाळ्या मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते.

पाडायच्या दिवशी सकाळी बप्पा आले ते उघड्या डोक्यानं. यंत्राची करवत चालू व्हायची होती. ते खोडाला पाठ लावून उभे राहिले.

"थांबा! लबाड बोललो म्या. भरीव हाय ती! एक वाळवी न्हाय तिच्यात!"

सरपंच माणूस वाईट नाही. त्यांनी बप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "बप्पा, तुमची माया कळती आमाला. पर लेकरांच्या जिवाचा सवाल हाय."

"म्या खोटं बोललो होतो!"

"असं कसं बप्पा," पार्वतीकाकू कळवळून म्हणाल्या, "जल्मात कधी खोटं बोलला न्हाईत तुमी. आता म्हातारपणी एका झाडापायी कशाला खोटं बोलायलाव?"

बप्पांनी इकडंतिकडं बघितलं. मी दिसलो. "मास्तर, सांगा की ह्यास्नी. तुमाला म्या त्याच दिशी सांगितलंय. सांगा किती टन."

मी काय विचार केला ते लिहितो. भरीव म्हणावं तर ती विकली जाणार, पोकळ म्हणावं तर पाडली जाणार. मग बोलून उपयोग काय? हा युक्तिवाद मला तेव्हासुद्धा फार आवडला. इतका आवडला, की त्याच्याआड सरपंच आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष आहेत, हे मला स्वतःलाही दिसेनासं झालं.

मी म्हणालो, "बप्पा, उन्हात उभे राहू नका. इकडं या."

"अजून सावलीतच हाय, मास्तर," ते म्हणाले.

दोघा पोरांनी त्यांना काखेत धरून बाजूला केलं. सेहेचाळीस किलो, जड गेलं नसणार.

करवतीची साखळी दोनदा तुटली. संध्याकाळी चिंच पडली तेव्हा बुंधा सगळ्यांना दिसला. तांबूस, घट्ट, मधोमध काळसर. काडी घालायला जागा नव्हती. बगळे वर घिरट्या घालत होते. मला वाटलं, आता गावाला लाज वाटेल.

गाव ते गाव. दोन दिवसांत चर्चा सुरू झाली: म्हणजे बप्पा खोटं बोलतात तर! मग माझा लिंब सांगितला चार टन, तो पाच नसेल कशावरून? माझ्या बाभळीत किती बुडालो असेन? गावात जो तो आपापल्या तुटलेल्या झाडांबद्दल हळहळायला लागला, वजन कमी धरलं गेलं म्हणून. अंकुशबद्दल कुणाची तक्रार नव्हती. त्यानं घरटी पेढे वाटले. चांगले झाले होते. चिंचेचा जाळ कडक असतो, खवा लवकर उतरतो.

बप्पांना नंतर कुणी बोलावलं नाही. त्यामुळं झाडांवरून भांडणं पुन्हा सुरू झाली. बप्पांच्या हिशेबानं आता झाडं वाचायला हवी होती. पण भांडायला झाडंच फारशी उरली नव्हती. सभामंडप व्हायचाय अजून.

बप्पांना मी शेवटचं बघितलं ते फाट्यावरच, चिंच पडल्यानंतरच्या चैत्रात. दुपारी बारा-साडेबाराची वेळ. बसला उभी असलेली माणसं टपरीच्या हातभर सावलीत एकमेकांना चिकटलेली. पार्वतीकाकूंची नात डोक्यावर वही धरून उभी होती. आणि बप्पा एकटे, चिंचेच्या बुंध्यावर बसलेले.

मी मुद्दाम गेलो. माझ्याजवळ त्यांना द्यायला एक गोष्ट होती. ट्रॅक्टरवाला माझा जुना विद्यार्थी. सगळ्या खेपांचं वजन त्यानंच काट्यावर केलं होतं, आणि मी ते त्याच्याकडून काढून घेतलं होतं. मला वाटलं, एवढं तरी आपण करू शकतो.

"बप्पा," मी म्हणालो, "चिंचेचं वजन झालं. बरोबर—"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. उठले. माझं मनगट धरलं. बुंध्यापासून मला चालवत चालवत नेलं, एकेक पाऊल मोजून, जिथं त्या वेळेला चिंचेची सावली संपायची तिथपर्यंत, आणि तिच्यापुढं आणखी दहा पावलं. सगळीकडं सारखंच ऊन होतं. टपरीतली माणसं आमच्याकडं बघून हसत होती.

तिथं थांबून ते म्हणाले, "हं. आता सांगा."

"एकोणीस टन."

"पाला सोडून?"

"पाला सोडून."

त्यांनी मान हलवली आणि माझं मनगट सोडलं.

"मग बरोबर हाय," ते म्हणाले.